आकाशाच्या निळाईचा हिशेब

आकाश निळे आहे असे आपण सहज म्हणतो; पण ही निळाई नेमकी कुठे असते? विमानातून दहा किलोमीटर उंच गेलेल्या प्रवाशाच्या ती हाती लागत नाही. ती आणखी वर सरकलेली असते, आणि खाली पाहावे तर जमिनीवरही तिचाच एक पातळ पडदा पसरलेला दिसतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी, एका वस्तूवर दुसरीचे गुण लादण्याच्या मनाच्या सवयीचा विचार करताना, आकाशाचाच दाखला घेतला आहे. आकाश हा काही डोळ्यांचा विषय नव्हे, तरी अजाण माणसे त्याला तळ आहे, मळकटपणा आहे असे मानतात, असा त्याचा आशय.

दाखला तत्त्वज्ञानाचा आहे, पण त्यातला प्रश्न पदार्थविज्ञानालाही पुढे फार वर्षे सुटला नव्हता. हवा रंगहीन आहे. खोलीभर हवेत आपल्याला कसलाही रंग दिसत नाही. आकाशापलीकडचे अवकाश काळे आहे. चंद्रावर उतरलेल्या माणसांनी भरदुपारी काळे आकाश पाहिले. सूर्याचा प्रकाश पांढरा. मग पांढरा प्रकाश, रंगहीन हवा आणि काळी पार्श्वभूमी या तिघांतून निळा रंग येतो कुठून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसाला प्रकाशाचे स्वरूप समजले, अणू खरेच असतात याचा एक पुरावा मिळाला, आणि शेवटी एका भारतीयाला नोबेल पारितोषिक मिळवून देणारा शोधही लागला. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: प्रकाश आणि विद्युतप्रभार यांचा परस्परांशी चालणारा व्यवहार.

प्रभार हलतो तेव्हा

विद्युतप्रभार म्हणजे काय, याची व्याख्या करण्यापेक्षा तो काय करतो ते पाहणे सोपे. प्लॅस्टिकच्या कंगव्याने कोरडे केस विंचरले की कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो. कपट्यांना न शिवता ओढतो, याचा अर्थ कंगव्याच्या भोवतालच्या जागेत काहीतरी बदल झालेला असतो. या बदललेल्या जागेला विद्युतक्षेत्र म्हणतात. प्रभार स्थिर असला की त्याचे क्षेत्रही स्थिर असते.

आता हा प्रभार झटकन थोडा बाजूला हलवला तर? त्याचे क्षेत्रही त्याच्यामागे सरकले पाहिजे. पण दूरवरच्या क्षेत्राला ही बातमी त्याच क्षणी कळत नाही. जवळचे क्षेत्र नव्या जागेप्रमाणे बदललेले असते, दूरचे अजून जुन्या जागेवरच रोखलेले असते, आणि दोहोंच्या मध्ये एक मोड पडतो. हा मोड बाहेर बाहेर धावत जातो. जमिनीवर पसरलेल्या दोरीचे एक टोक झटकले की जशी वेटोळी लाट पुढे पळते, तसाच. प्रभार सतत मागेपुढे डोलत राहिला तर असे मोड एकामागून एक निघत राहतात. ही झाली विद्युतचुंबकीय लाट. प्रभार एका सरळ रेषेत एकाच वेगाने चालला असेल तर लाट निघत नाही; त्याचा वेग किंवा दिशा बदलली पाहिजे. पुढच्या सगळ्या हिशेबाला हा नियम लागणार आहे.

या लाटेचा वेग किती? जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६०च्या दशकात तो कागदावर काढला. त्यासाठी त्यांनी प्रकाशाचे एकही मोजमाप वापरले नाही. वेबर आणि कोलराऊश या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८५६ साली केवळ विजेची आणि चुंबकाची उपकरणे वापरून काढलेला एक आकडा त्यांनी घेतला. उत्तर आले सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४९ साली दातेरी चाक आणि आरसा वापरून मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३ लाख १५ हजार होता. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग असू शकत नाही, हे मॅक्सवेल यांनी ओळखले. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाटच आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. १८८७-८८ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी ठिणग्यांच्या साहाय्याने अशा लाटा प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. त्यानंतर काही वर्षांतच, १८९५ साली, कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लाटांचे प्रयोग सर्वांसमोर केले.

म्हणजे प्रकाश हे डोलणाऱ्या प्रभाराचे अपत्य आहे. आणि तो जेव्हा दुसऱ्या एखाद्या प्रभारावर येऊन पडतो, तेव्हा त्यालाही डोलायला लावतो. तो दुसरा प्रभार डोलू लागला की नियमाप्रमाणे त्याच्यातूनही नवी लाट निघते. आकाशाची निळाई ही अशी दुसऱ्या पिढीची लाट आहे.

अणूच्या आतला झोपाळा

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. या वायूंचे रेणू एकूण पाहता प्रभारहीन असतात. पण प्रत्येकाच्या आत जड, धनप्रभारित अणुकेंद्रे आणि त्यांच्याभोवती हलक्या, ऋणप्रभारित इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. सूर्यप्रकाशाची लाट रेणूवरून जाते तेव्हा तिचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलते. हिरव्या रंगाच्या प्रकाशात हे ढकलणे सेकंदाला सुमारे साडेपाचशे लाख कोटी वेळा घडते.

इलेक्ट्रॉन यामुळे किती हलत असेल? ढोबळ हिशेब करता येतो. भर उन्हातल्या प्रकाशाचे विद्युतक्षेत्र दर मीटरला काही शे व्होल्ट असते. इलेक्ट्रॉनाला अणुकेंद्राशी बांधून ठेवणारे क्षेत्र त्याहून कोट्यवधी पटींनी बळकट असते. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा ढग जागचा सरकतो तो एका प्रोटॉनच्या आकाराच्याही सुमारे हजाराव्या हिश्श्याइतका. डोक्यावरच्या एवढ्या मोठ्या निळाईमागची हालचाल एवढीशी आहे. पण रेणूंची संख्या अफाट आहे. शून्य अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर, खेळातल्या फाशाएवढ्या म्हणजे एक घन सेंटिमीटर हवेत सुमारे २७ वर १८ शून्ये इतके रेणू असतात.

आता रंगाचा प्रश्न. झोपाळ्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीत झोका दिला की तो उंच जातो. त्याच्या लयीपेक्षा फारच संथपणे हाताने मागेपुढे ढकलत राहिलो, तर झोपाळा निमूटपणे हाताबरोबर हलतो; हात जितका जोर लावील तितकेच त्याचे हलणे, मग संथपणा थोडा कमी असो की जास्त. हवेतल्या रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांची स्वतःची लय अतिनील प्रकाशाच्या प्रदेशात, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या बरीच पुढे आहे. त्यामुळे दृश्य प्रकाश त्यांना 'संथ' वाटतो. लाल असो की निळा, सारख्या जोराला ते जवळजवळ सारख्याच अंतराने हलतात.

मग फरक कुठे पडतो? अंतर तेच, पण निळ्या प्रकाशात तेवढ्याच अंतराची ये-जा जास्त वेळा करायची असते. म्हणजे वेगातला बदल अधिक तीव्र, आणि लाट निघते ती वेगातल्या बदलामुळेच. वारंवारता दुप्पट झाली की हा बदल चौपट होतो आणि लाटेची उंची चौपट होते. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सोळापट होते. याचा अर्थ, विखुरलेला प्रकाश वारंवारतेच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० धरली, तर निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून थोडा अधिक विखुरतो.

यावर एक रास्त शंका येते. जांभळा प्रकाश तर निळ्याहूनही जास्त विखुरला पाहिजे, मग आकाश जांभळे का नाही? एक तर सूर्यप्रकाशात जांभळ्याचा वाटा निळ्यापेक्षा कमी असतो. आणि दुसरे, आपला डोळा जांभळ्याला फारसा दाद देत नाही. विखुरलेल्या सगळ्या रंगांच्या मिश्रणाचा डोळ्यावर जो एकत्रित परिणाम होतो, त्याला आपण आकाशी रंग म्हणतो.

दार्जिलिंगहून दिसणारे शिखर

हे आज चार परिच्छेदांत सांगता येते. पण ही वाट चालायला तीस-चाळीस वर्षे लागली. जॉन टिंडॉल यांनी १८६९ साली काचेच्या नळीत काही वायूंपासून अतिशय बारीक कणांचे धुके तयार केले आणि त्यातून प्रखर प्रकाशझोत सोडला. बाजूने पाहिल्यावर धुके सुंदर निळे दिसले. आकाशाचा निळा असाच बारीक कणांमुळे येत असावा, असे टिंडॉल यांना वाटले. १८७१ मध्ये जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रॅली, यांनी चौथ्या घाताचा नियम गणिताने काढला. पण ते कण कसले? धूळ, पाण्याचे थेंब, मीठ?

१८७३ साली मॅक्सवेल यांनी रॅली यांना पत्र लिहून विचारले की, हे विखुरणे हवेच्या रेणूंमुळेच होत असेल तर त्यावरून रेणूंचा हिशेब लावता येईल का? उत्तर यायला २६ वर्षे लागली. तोवर मॅक्सवेल हयात नव्हते. १८९९ मध्ये रॅली यांनी दाखवून दिले की धुळीची गरजच नाही, हवेचे रेणू या कामाला पुरेसे आहेत. त्यासाठी त्यांनी घेतलेल्या आधारांपैकी एक आपल्या उपखंडातला होता. दार्जिलिंगच्या परिसरातून सुमारे शंभर मैलांवरचे एव्हरेस्ट बऱ्यापैकी उजळ दिसते, अशी माहिती त्यांना मिळाली होती. शंभर मैल हवेतून येताना त्या बर्फाचा प्रकाश कितपत गळतो यावर मर्यादा घालता आली, आणि त्यावरून एक घन सेंटिमीटर हवेत निदान किती रेणू असले पाहिजेत याचा अंदाज निघाला. दुसऱ्या मार्गांनी मिळालेल्या आकड्यांच्या तो जवळपास जाणारा होता.

या हिशेबाला त्या काळी मोठे मोल होते. अणू ही केवळ सोयीची कल्पना आहे, ते कुणी पाहिलेले नाहीत, असे म्हणणारे ओस्टवाल्ड आणि माख यांच्यासारखे मातब्बर लोक तेव्हा होते. हवा अखंड, दाणे नसलेली असती तर आकाश निळे दिसले नसते. रोज डोक्यावर पसरलेला हा रंग म्हणजे पदार्थ दाणेदार असल्याची साक्ष होती.

सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर उभे राहून पाहिले की डोंगरांच्या रांगा एकामागून एक अधिकाधिक निळ्या आणि फिक्या होत जातात. ती निळाई डोंगराची नसते. आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेने विखुरलेला प्रकाश गडद डोंगरावर पडद्यासारखा दिसतो. आकाशाचाच तो एक आडवा तुकडा आहे.

सूर्यास्ताचा तांबडेपणा हा याच हिशेबातला दुसरा रकाना. सूर्य माथ्यावर असताना स्वच्छ हवेत निळ्या प्रकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा वाटेत विखुरतो, तांबड्याचा विसावा. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याच्या किरणांना त्या मानाने सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. तेवढ्या वाटचालीनंतर निळ्याचे जवळजवळ काहीच उरत नाही, तांबड्याचा सहावा-सातवा हिस्सा मात्र पोहोचतो. आपल्या मावळत्या सूर्यातून गळालेला निळा त्याच वेळी पश्चिमेकडच्या कुणाच्या तरी दुपारच्या आकाशात असतो.

मग काच पारदर्शक का?

इथे एक अडचण उभी राहते. काचेत किंवा पाण्यात रेणू हवेपेक्षा हजारपटीच्या आसपास दाट असतात. तिथे तर प्रकाश कितीतरी अधिक विखुरला पाहिजे. प्रत्यक्षात स्वच्छ काचेतून तो सरळ पार जातो.

उत्तर असे, की प्रत्येक डोलणाऱ्या प्रभारातून निघालेली लाट एकटी नसते. रेणू दाटीने आणि सारख्या अंतरावर बसलेले असले, तर बाजूला जाणाऱ्या लाटांच्या बाबतीत प्रत्येक रेणूला असा एक जोडीदार सापडतो की ज्याची लाट याच्या लाटेच्या बरोबर उलट पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो. दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. पुढच्या दिशेने जाणाऱ्या लाटा मात्र एकमेकींना पुसत नाहीत. त्या मूळ प्रकाशात मिसळतात आणि त्याचे उंचवटे थोडे मागे रेटतात. त्यामुळे प्रकाश काचेत संथ झालेला दिसतो, सेकंदाला तीन लाखांऐवजी सुमारे दोन लाख किलोमीटर. भिंगाचे वाकवणे, पाण्यात बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसणे, हिऱ्याचे लखलखणे, हे सारे या मागे रेटण्याचेच परिणाम आहेत.

हवेत ही पुसापुशी पूर्ण होत नाही, कारण हवेचे रेणू शिस्तीत बसत नाहीत. एका मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेला हवेचा घन कल्पनेने घ्या. त्यात सरासरी २७ हजार रेणू असतील. पण कुठल्याही क्षणी त्यात दीडशे-पावणेदोनशे कमी किंवा जास्त सापडतील. या चढउतारामुळे जोडीदारांचा हिशेब पुरता जुळत नाही आणि जे उरते ते बाजूला निसटते. स्मोलुकोव्स्की यांनी १९०८ मध्ये आणि आइन्स्टाइन यांनी १९१० मध्ये हा विचार मांडला. आकाश निळे आहे ते रेणूंच्या गर्दीमुळे नव्हे, त्यांच्या बेशिस्तीमुळे.

धातूंची गोष्ट आणखी वेगळी. तांब्या-चांदीत काही इलेक्ट्रॉन कुठल्याच अणूला बांधलेले नसतात. प्रकाश आला की ते सामूहिकपणे डोलतात आणि जवळजवळ सगळी लाट आल्या वाटेने परत धाडतात. घासलेल्या चांदीच्या ताम्हनात चेहरा दिसतो तो त्यामुळे. तांबे आणि सोने मात्र निळ्या बाजूचा प्रकाश काही प्रमाणात स्वतःत मुरवतात, म्हणून त्यांची झळाळी तांबूस-पिवळी.

जहाजावरचा निकोल प्रिझम

डोलणाऱ्या प्रभाराची आणखी एक खोड आहे. तो ज्या रेषेत डोलतो, त्या रेषेच्या दिशेने त्याच्यातून लाट निघत नाही. आडव्या दिशेने सर्वाधिक निघते. याचा परिणाम असा, की सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाच्या भागातून येणाऱ्या प्रकाशाचे डोलणे बव्हंशी एकाच दिशेत असते. अशा प्रकाशाला ध्रुवित म्हणतात. आरागो यांनी १८०९ मध्येच आकाशाच्या प्रकाशाचे हे ध्रुवण पाहिले होते, कारण मात्र तेव्हा माहीत नव्हते. मधमाश्या याच खुणेवरून ढगाआड लपलेल्या सूर्याची दिशा ओळखतात. ध्रुवण करणारी काच असलेला गॉगल सकाळी किंवा संध्याकाळी माथ्यावरच्या आकाशाकडे धरून फिरवला, तर आकाश गडद-फिके होताना कुणालाही दिसेल.

चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली ऑक्सफर्डला विद्यापीठांच्या परिषदेसाठी गेले होते. परततांना 'नारकुंडा' या जहाजावर त्यांच्या खिशात प्रकाशाचे ध्रुवण तपासणारा निकोल प्रिझम होता. खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅली यांचे मत होते. रामन यांनी समुद्राकडे अशा कोनातून पाहिले की पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असावा, आणि प्रिझम फिरवून तो अडवला. प्रतिबिंब वगळले तरी समुद्राचा निळा गेला नाही. उलट तो अधिकच खुलला. म्हणजे तो पाण्याच्या आतून येत होता. सप्टेंबर १९२१ मध्ये जहाज मुंबई बंदरात पोहोचले तेव्हा 'नेचर' नियतकालिकासाठी या विषयावरचे टिपण तयार होते.

रामन यांनी पाण्याच्या निळाईचे श्रेय प्रामुख्याने रेणूंच्या विखुरण्याला दिले. आज आपण त्यात भर घालतो. पाण्याचे रेणू स्वतःच कंप पावताना तांबड्या प्रकाशाचा थोडा भाग शोषतात, आणि खोल पाण्यात याच शोषणाचा वाटा मोठा ठरतो. हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असलेल्या जड पाण्यात हा कंप मंदावतो, शोषण दृश्य प्रकाशाच्या बाहेर सरकते आणि पाणी रंगहीन दिसते. प्रतिबिंबाबाबत रॅली चुकले होते, आणि रामन यांचे उत्तरही अपुरे होते. विज्ञानात असे होतच असते. त्या अपुऱ्या उत्तराने पुढची सात वर्षे कोलकात्याच्या प्रयोगशाळेला काम दिले, हे महत्त्वाचे.

कारण विखुरलेल्या प्रकाशाचा नाद रामन यांनी सोडला नाही. आतापर्यंतच्या हिशेबात आलेल्या प्रकाशाचा रंग आणि विखुरलेल्याचा रंग एकच होता. प्रभार ज्या लयीत ढकलला जातो त्याच लयीत तो लाट सोडतो. पण रेणूचे अणू आपापसांत थरथरत असतात. इलेक्ट्रॉनांच्या डोलण्यात ही थरथर मिसळली तर? तबल्यावर हात फिरवत ठेका धरला की त्याच ठेक्यात नादाची चढउतार मिसळते, तसे विखुरलेल्या प्रकाशात मूळ वारंवारतेच्या खाली-वर नव्या वारंवारता उमटल्या पाहिजेत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, के. एस. कृष्णन यांच्यासह काम करताना रामन यांना या नव्या रेषा निःसंशय दिसल्या. त्याच सुमारास मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांत हाच परिणाम आढळला होता. १९३०चे नोबेल रामन यांना मिळाले, आणि १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

हा परिणाम अतिशय क्षीण असतो. विखुरलेल्या प्रकाशाचा ढोबळमानाने कोटीतला एक अंश. पण प्रत्येक रेणूची थरथर निराळी असल्याने या रेषा म्हणजे पदार्थाच्या बोटांचे ठसेच ठरतात. औषधातली भेसळ, रत्नाचा खरेखोटेपणा त्यांवरून तपासतात. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवरची उपकरणेही तिथल्या खडकांची ओळख रामन परिणामाने पटवतात.

पांढरे होत चाललेले आकाश

शेवटी आपल्या डोक्यावरच्या आकाशाकडे परत येऊ. पाण्याची वाफ दिसत नाही, पण तेच पाणी ढगात पांढरेशुभ्र दिसते. पाणी तेवढेच, रेणू तेच. मग प्रकाश इतका अधिक का विखुरतो? एकमेकांपासून दूर, विस्कळीत असलेले हजार रेणू हजारपट प्रकाश विखुरतात. तेच हजार रेणू तरंगलांबीहून लहान अशा एका कणात एकत्र आले, तर सगळे एका तालात डोलतात. लाटेची उंची हजारपट होते आणि ऊर्जा तिचा वर्ग, म्हणजे दहा लाखपट. कण मोठा होत तरंगलांबीच्या बरोबरीला आला की निळ्याचा पक्षपातही संपतो. सगळे रंग जवळपास सारखे विखुरतात आणि मिश्रण पांढरे होते.

हे घरी पाहता येते. उदबत्तीच्या टोकाशी निघणारा धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो, कारण त्याचे कण अतिशय बारीक असतात. तोच धूर उजेडाच्या आड धरला तर पिवळट-तपकिरी दिसतो. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून अंधारात टॉर्चचा झोत सोडा. बाजूने पाणी निळसर दिसेल, समोरून टॉर्च नारिंगी. एका पेल्यात दुपारचे आकाश आणि सूर्यास्त दोन्ही. दूध वाढवत नेले की निळा जातो, पांढरा उरतो.

शहरांच्या आकाशात हेच घडते आहे. पाऊस धूळ धुऊन नेतो, म्हणून आश्विनात आकाश गडद निळे असते. त्यानंतर वाहनांचा, बांधकामांचा, जाळलेल्या कचऱ्याचा आणि दिवाळीत फटाक्यांचा धूर हवेत शिरतो. थंड सकाळी जमिनीलगतची हवा वर उठत नाही, म्हणून तो खालीच कोंडतो. हवेच्या गुणवत्तेच्या बातम्यांत ज्यांचा उल्लेख येतो ते पीएम २.५ कण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. आकाशाचा निळा पुसून पांढरा करायला नेमका हाच आकार सोयीचा, आणि फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचायलाही हाच.

भारतीय मानकाप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५ची आहे. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो. म्हणजे साठ मायक्रोग्रॅम हा तिच्या वजनाचा दोन कोटीवा हिस्सा झाला. एवढ्याशा भेसळीने आकाशाचा रंग बदलतो, कारण त्या कणांतले प्रभार एकत्र, एका तालात डोलतात.

स्वित्झर्लंडच्या सोस्यूर यांनी १७८०च्या दशकात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत निळ्याच्या क्रमाक्रमाने गडद होत जाणाऱ्या छटांचे एक चक्र बनवले होते. ते आकाशासमोर धरायचे आणि जुळणारी छटा नोंदवायची. हुम्बोल्ट यांनी असे चक्र आपल्या दक्षिण अमेरिकेच्या सफरीत नेले होते. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या 'सफर'सारख्या यंत्रणा हवेतले कण नेमकेपणाने मोजतात, त्यामुळे अशा चक्राची शास्त्राला गरज उरलेली नाही. पण पुठ्ठ्यावर निळ्या रंगाच्या दहा-बारा पट्ट्या रंगवून, दर आठवड्याला ठरावीक वेळी, सूर्य पाठीशी ठेवून गच्चीवरून नोंद करायला खर्च काही येत नाही. वर्षभराच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की आपल्या गावाचे आकाश कुठल्या महिन्यात पांढरे होते आणि किती दिवस तसेच राहते, हे आपले आपल्याला कळते. शाळेतल्या मुलांकडूनही हे करून घेता येईल.

सूर्याच्या पृष्ठभागावरच्या प्रभारांतून निघालेली लाट आठ मिनिटे वीस सेकंदांनी आपल्या हवेतल्या प्रभारांना डोलवते. त्यांच्यापासून निघालेली लाट आपल्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन हलवते, आणि आपण म्हणतो, आकाश निळे आहे. या साखळीत भास कुठेच नाही. आकाशाला मळ चिकटू शकत नाही, हे आचार्यांचे म्हणणे आकाशापुरते खरेच आहे. मळतो तो आपल्या आणि अवकाशाच्या मधला काही किलोमीटर हवेचा थर, आणि श्वास आपण तिथूनच घेतो.